शेतात सापडलेली जुनी वस्तू : घासण्याआधी थांबा!

पावसाळ्याच्या तोंडावर गावाकडे नांगरट चाललेली असते. कुठे विहिरीचे काम निघते, कुठे भुईमूग काढताना खुरप्याला काहीतरी टणक लागते. माती झटकून पाहावे, तर हिरवट-काळपट असे धातूचे काहीतरी हाती येते. ते कडे आहे की मुठीचा तुकडा, नाणे आहे की नुसता पत्रा, हे कोणालाच सांगता येत नाही. मग पुढच्या खेपेला तांदळाच्या आणि शेंगांच्या पिशवीबरोबर ती वस्तू शहरात तुमच्या घरी येते. ‘वहिनी, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर दाखवा बरं,’ असे म्हणून दीर ती टेबलावर ठेवतात.

आता खरं सांगा, अशा वेळी तुमचा-आमचा हात पहिल्यांदा कुठे जातो? चिंचेकडे! चिंच, मीठ, लिंबू, राख, नाहीतर बाजारातली भांडी घासायची पावडर. ‘जरा लख्ख करून तर बघू, म्हणजे कळेल काय आहे ते.’ तांब्या-पितळेची भांडी ज्या हातांनी वर्षानुवर्षे उजळली, त्या हातांना हे सुचणे अगदी साहजिक आहे. पण मैत्रिणींनो, नेमके हेच करायचे नाही. त्या वस्तूवरचा थर, तिला चिकटलेली माती आणि ती सापडली ती जागा, या तिन्हींवरून तिची ओळख पटते. यातल्या दोन गोष्टी तर आपल्या एका घासण्यात मोरीतून वाहून जातात.

स्वयंपाकघरातले ज्ञान इथेही उपयोगी

धातू ओळखायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. पहिला अंदाज गृहिणीला चांगला बांधता येतो, कारण धातू कसा ‘वागतो’ हे आपण रोज पाहतो. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे कोणी आपल्याला शिकवावे लागत नाही.

हिरवा थर दिसला, तर वस्तू तांब्याची किंवा तांबे मिसळलेल्या धातूची आहे असे समजावे. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, कथील मिसळले की कासे. तिघांवरही जमिनीत हिरवा थर चढतो, म्हणून नुसत्या रंगावरून तांबे, पितळ की कासे हे ठरवता येत नाही.

तांबूस, फुगलेले, पापुद्रे सुटणारे असेल, तर ते लोखंड. शंका वाटली तर लोहचुंबक जवळ नेऊन पाहावा. मात्र फार जुने लोखंड आतपर्यंत गंजून गेलेले असले, तर चुंबक त्याला नीट धरत नाही, हेही लक्षात ठेवा.

काळसर, करडे, जांभळट दिसले, तर चांदी असू शकेल. पैंजण पेटीत पडून काळे पडतात, तसेच हे. पण हलक्या चांदीत तांबे मिसळलेले असते आणि जमिनीत ते तांबे आधी वर येते. म्हणून हिरवे दिसणारे नाणे चांदीचे निघाल्याची उदाहरणे कितीतरी आहेत. ‘तांब्याचे तर आहे’ म्हणून ते मुलांना खेळायला देऊ नका!

आकाराच्या मानाने फार जड, मऊसर, पांढुरके करडे असेल, तर ते शिसे. बंदुकीची गोळी किंवा जाळ्याचे वजन समजून असे तुकडे फेकून दिले जातात. पण आपल्याकडच्या सातवाहन राजांनी शिशाचीही नाणी पाडली होती. तेव्हा गोल, चपटा शिशाचा तुकडा फेकण्याआधी त्याच्यावर हत्ती, झाड, टेकडी असे काही उमटले आहे का, ते उजेडात नीट पाहावे.

सोने मात्र मातीतून जसेच्या तसे पिवळे निघते. त्याला गंज नाही, थर नाही. म्हणून हिरवट थराखाली ‘सोनं असेल’ या आशेने कानशीने घासून पाहण्यात अर्थ नसतो. तो एक ओरखडा कायमचा राहतो आणि वस्तूची किंमत मात्र उतरते.

मग ती वस्तू असते तरी काय?

आधी मनाची तयारी करा. शेतात सापडणाऱ्या बहुतेक वस्तू शेतातल्याच असतात. नांगराचा झिजलेला फाळ, फाळ बसवायची वसू, गाडीच्या चाकाची धाव, बैलाच्या खुराची पत्री, घोड्याची नाल, मोडके खुरपे, गुराच्या गळ्यातली घंटा. बांधावर बसून पान खाणाऱ्या कोणा आजोबांचा अडकित्ता, नाहीतर पितळी चुनाळे. या वस्तूंना बाजारात मोल नसेल, पण आपल्या आजे-सासऱ्यांचा हात त्यांना लागलेला असू शकतो. गावातल्या एखाद्या वृद्ध लोहाराला किंवा सुताराला दाखवा. पुस्तकात नसलेले उत्तर तो पाहताक्षणी देतो.

नाण्यांमध्ये सर्वांत जास्त सापडते ती शिवराई. तांब्याच्या या नाण्याच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. ती बहुधा अर्धवट उमटलेली दिसतात, कारण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. शिवाजी महाराजांनंतरही कितीतरी वर्षे शिवराया पडत राहिल्या. त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्याच काळातली असे धरून चालू नये. मध्ये गोल भोक असलेला पैसा तर फार जुना नव्हेच. तो १९४३ ते १९४७ या काळातला. सासूबाईंना विचारा, त्या ‘भोकाचा पैसा’ म्हणून लगेच ओळखतील.

देवघरातल्या वस्तूही सापडतात. कुलदैवताचे टाक, लहान मूर्ती, पळी, निरांजन. घर मोडले, गाव उठले, पुराचे पाणी शिरले की अशा वस्तू मातीखाली जातात.

आणि क्वचित, फार क्वचित, याहून कितीतरी जुने काही निघते. हाताच्या पंजाएवढा, एका बाजूला रुंद आणि धारेचा, दांड्यासाठी भोक नसलेला तांब्याचा चपटा तुकडा तुम्हा-आम्हाला मोडीतला पत्रा वाटेल. पण संगमनेरजवळच्या जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा अशाच चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या होत्या. त्या गावाच्या नावावरूनच आज ‘जोर्वे संस्कृती’ असे म्हटले जाते.

साठ किलोंची मोड?

याच परिसरातली, प्रवरेच्या काठावरच्या दायमाबादची हकीकत तुम्ही ऐकलीच पाहिजे. १९७४ साल. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या लहानशा ठिकाणी एक भिल्ल गृहस्थ एका झुडपाच्या बुंध्याशी खणत होते. खणताखणता धातूच्या चार मोठ्या वस्तू वर आल्या. दोन बैल जोडलेला, सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीचा रथ आणि त्यात उभा असलेला माणूस. चाकांच्या गाड्यावर उभी म्हैस. एक हत्ती. आणि एक गेंडा! चौघांचे मिळून वजन ६० किलोंच्या वर. सगळे भरीव ओतीव काम.

विचार करा, कष्टाची भाकरी खाणाऱ्या घरात साठ किलो धातू म्हणजे केवढी रक्कम! मोडीच्या दुकानात जाऊन ती वितळली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण त्या वस्तू वाचल्या, अभ्यासकांच्या हाती आल्या आणि आज भारतातल्या प्राचीन धातुकामाचे कोणतेही पुस्तक दायमाबादच्या रथाशिवाय पुरे होत नाही.

ही हकीकत इथेच गोड संपत नाही. त्या चार वस्तू नेमक्या किती जुन्या, यावर पंडितांचे आजही एकमत नाही. म. के. ढवळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या तपासणीचा आधार घेतला. या धातूत आर्सेनिकचे, म्हणजे सोमलाचे, प्रमाण एक टक्क्याहून अधिक निघाले आणि त्या प्राचीन काळातल्या इतर तांब्याच्या वस्तूंत ते तसे आढळत नाही. म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात, असे त्यांनी म्हटले.

हा वाद मिटत का नाही? दायमाबादला १९७५ ते १९७९ या वर्षांत एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली मोठे उत्खनन झाले. एकावर एक वसलेल्या पाच संस्कृतींचे थर तिथे नीट मोजले गेले. पण या चार वस्तू अभ्यासकांनी स्वतः थरातून काढलेल्या नव्हत्या. त्या कोणत्या थरात होत्या, त्यांच्या शेजारी कोणती खापरे होती, राख होती की विटा, हे पाहणारे जाणकार कोणी त्या क्षणी तिथे नव्हते. वस्तू मिळाली, पण तिच्या जागेची साक्ष हुकली. खणणाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते. आपल्याला मात्र आता ठाऊक आहे, म्हणून आपली जबाबदारी वाढते.

एकाच वेळी सापडलेल्या वस्तू एकत्र राहिल्या तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. नाणी १३,००० हून अधिक! ती नहपान या क्षत्रप राजाची. पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचे नाणे जिंकलेल्या राजाने आपलेसे केले, हे त्या नाण्यांनीच सांगितले. दहा नाणी या सोनाराकडे, वीस त्या सोनाराकडे अशी ती वितळली असती, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विजयाचा एवढा ठळक पुरावा हाती आलाच नसता.

घरी आलेल्या वस्तूचे काय करावे?

आता कामाचे बोलू. वस्तू तुमच्या घरी आलीच आहे, तर हे एवढे करा.

१. धुऊ नका, घासू नका, तेल लावू नका. सुटी माती मऊ कोरड्या कुंचल्याने हलकेच झटकली तर चालेल. घट्ट बसलेली राहू द्या.

२. एका कागदावर वस्तू ठेवून पेन्सिलीने तिची बाह्यरेषा काढा. लांबी, रुंदी, जाडी पट्टीने मोजा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. काट्यावर आधी कागद ठेवायला विसरू नका.

३. खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मोबाइलवर चालतील. उजेड एका बाजूने तिरपा पडला, तर पुसट अक्षरे चांगली उठून दिसतात.

४. ज्यांना वस्तू सापडली त्यांना आजच्या आज विचारून लिहून ठेवा : कोणत्या गावी, कोणत्या गटात, बांधापासून किती पावलांवर, किती हात खोल, कोणत्या तारखेला, कोणाच्या हाताला लागली. शेजारी खापरे, मणी, हाडे, राख, जुन्या विटा होत्या का? चार दिवसांनी विचाराल, तर प्रत्येक जण वेगळे सांगेल!

५. जुन्या स्वच्छ सुती फडक्यात सैल गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत दमट हवा कोंडते. हिरव्या वस्तूवर फिकट हिरवी भुकटी सुटून पसरू लागली, तर दमटपणामुळे धातू आतून खाल्ला जात आहे असे समजा आणि लवकर जाणकाराला दाखवा.

६. मूर्ती असेल, तर मनात भक्तिभाव येणारच. नमस्कार जरूर करा. पण पंचामृताचा अभिषेक, हळदकुंकू, शेंदूर नको. दह्यातले आणि लिंबातले आम्ल हजार वर्षांचे काम एका दिवसात बिघडवते.

७. गावाकडे निरोप द्या की, तिथे आणखी खणू नका. हाव म्हणून नको आणि कुतूहल म्हणूनही नको.

एक गोष्ट मात्र घरी आणूच नये. निमुळत्या टोकाची, लांबट गोल, मागे कल्ल्यांसारखे पंख असलेली किंवा कडेने पितळी पट्टा असलेली जड लोखंडी वस्तू तोफगोळा असू शकते. अहिल्यानगरजवळचे के. के. रेंज, नाशिकजवळचे देवळाली अशा लष्करी सरावाच्या भागांत न फुटलेले गोळे मोडीसाठी उचलताना, फोडताना माणसांचे जीव गेले आहेत. अशा वस्तूला हात लावू नये, तिच्यावर काही आपटू नये, मुलांना दूर न्यावे आणि पोलिसांना कळवावे. ओळख पटवायचे काम त्यांचे.

‘सरकार घेऊन जाईल हो!’

ही भीती सर्वांनाच वाटते. म्हणूनच वस्तू लपवल्या जातात. तेव्हा कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या.

जमिनीत पुरलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. वस्तूची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर ती ज्याला सापडली त्याने लवकरात लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते : काय सापडले, कुठे, कधी. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून चौकशी करतात. वस्तू बेवारस ठरली आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. मालकाने हक्क सांगितलाच नाही, तर सगळे सापडवणाऱ्याचे. सरकारला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश एवढी रक्कम द्यावी लागते. उलट, लपवून ठेवले तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यातला एक मुद्दा तुमच्या कानावर मुद्दाम घालायचा आहे. कायदा ज्याला सापडले त्याचे नाव आधी घेतो, जमीन ज्याची त्याचे नंतर. तुमच्या शेतावर खुरपणीला आलेल्या बाईच्या खुरप्याला ती वस्तू लागली असेल, तर सापडवणारी ती. अर्जात तिचे नाव यायला हवे आणि तीन हिश्श्यांवर हक्कही तिचाच. ‘शेत आमचं, तिचा काय संबंध?’ असे घरात कोणी म्हणाले, तर तिच्या बाजूने बोलणारी एक तरी बाई त्या घरात असावी. ती तुम्ही व्हा.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, कलाकृती ‘पुरावस्तू’ मानली जाते. मूर्तीसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाच्या दिवाणखान्यासाठी प्रेमाने दिलेली भेट असली, तरीही नाही.

वस्तू दाखवायची कुठे? राज्य शासनाचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे अभ्यासक आहेत. तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी वस्तुसंग्रहालय असेल, तर तिथेही विचारता येते. पहिल्यांदा फोटो आणि तुमची टिपणे घेऊन जा. वस्तू पिशवीत टाकून एस.टी.ने हिंडवू नका.

कान फुंकणाऱ्यांपासून सावध

शेतात काही सापडल्याची बातमी पसरली की, दोन प्रकारची माणसे दारात येतात. एक, ‘अजून गुप्तधन आहे, पूजा घालावी लागेल’ म्हणणारा मांत्रिक. या नादात घरे धुऊन निघाली आहेत आणि त्याहून भयंकर प्रकारही घडले आहेत. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवा.

दुसरा, ‘तांब्याचे हे भांडे तांदूळ ओढून घेते, परदेशात कोट्यवधी रुपये मिळतील’ असे सांगून तपासणीच्या नावाखाली पैसे उकळणारा. तांब्याला तांदूळ चिकटत नाही, हे आपल्याहून चांगले कोणाला माहीत असणार? असेच ‘१८१८ सालचे ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे’ म्हणून राम-सीता किंवा मारुतीचे चित्र असलेली नाणी दाखवली जातात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ती अलीकडे बनवलेली आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, पण त्यासाठी बांगड्या मोडू नका.

तुमच्या घरी आलेली वस्तू बहुधा बैलाची पत्री किंवा एखादी शिवराई निघेल. निघू दे. मुलांना जवळ बसवून ती मोजताना, रेखाटताना आणि सासऱ्यांना ‘हे कोणतं शेत, तिथे पूर्वी काय होतं?’ असे विचारताना घरातली एक संध्याकाळ फार चांगली जाईल. आणि जर ती दुसरेच काही निघाली, तर निदान तुमच्या टिपणवहीत तिची जागा, खोली, तारीख आणि सापडवणारीचे नाव लिहिलेले असेल. तेवढ्यासाठी आज एक वही बाजूला काढून ठेवा आणि गावाकडे एक फोन करून सांगा, ‘काही सापडलं तर घासू नका हो, आधी मला कळवा.’